फक्त उन्हावर

ढग आला की लिंडसे ओव्हन बंद करायला धावायचा. आत मटण अर्धं कच्चं असो की केक फुगायच्या बेतात असो, त्याला त्याचं सोयरसुतक नसायचं. "थांब जरा, ऊन येऊ दे," म्हणत तो खटका खाली करायचा आणि ग्लेनिस हातात फडकं धरून तिथेच उभी राहायची. ऊन आलं की पुन्हा चालू. अशा ओव्हनमधून केक कसे निघतात ते ग्लेनिसलाच विचारावं.

धुणं भर दुपारी, इस्त्री भर दुपारी. अंघोळीचं पाणीसुद्धा दुपारी तापायचं आणि ते पुरवून पुरवून वापरायचं. नदीकाठच्या त्या बेरी गावात वर्षातले बरेचसे महिने ऊन नुसतं ओतत असतं, त्यामुळे हे सगळं निभावून जायचं. सत्तरी ओलांडलेल्या नवऱ्याला काहीतरी नाद हवाच, तो दारूचा नाही, घोड्यांचा नाही, उन्हाचा आहे, तेवढं तरी बरं, अशी ग्लेनिस स्वतःची समजूत घालत आली होती. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला समजूत घालायची सवयच होऊन जाते, दुसऱ्याची आणि स्वतःचीही.

नादाला कारण होतं, नाही असं नाही. छपरावर सोलर बसवलं तेव्हा कंपनी त्या विजेला चांगला भाव द्यायची. लिंडसे तेव्हा आपलं डोकं कसं चाललं ते गावभर सांगत फिरला. मग भाव उतरला, आणखी उतरला, आणि शेवटी दिवसाची वीज जवळजवळ फुकट न्यायची आणि अंधार पडला की तीच चढ्या दराने विकायची, असा प्रकार सुरू झाला. गावात सगळ्यांनीच शिव्या घातल्या आणि विसरून गेले. लिंडसे विसरला नाही. माझ्या छपरावरचं ऊन मी माझ्याच गाडीत भरीन, आणि गाडीसाठी त्या चोरांकडून थेंबभर वीज विकत घेणार नाही, अशी त्याने शपथ घेतली. मग विजेची गाडी आली, आणि ती आली म्हणून ग्लेनिसची जुनी पिवळी गाडी गेली.

"एका घराला दोन गाड्या हव्यात कशाला?" लिंडसे म्हणाला होता.

त्या पिवळ्या गाडीत बसून ग्लेनिस मनात येईल तेव्हा तीन तासांवरच्या ॲडलेडला बहिणीकडे जायची. पेट्रोल टाकलं की निघाली, कुणाला विचारणं नाही की सांगणं नाही. हे लिंडसेच्या डोक्यात कधी शिरलंच नाही, आणि ग्लेनिसनेही ते तेव्हा तोंड उघडून सांगितलं नाही.

शेडच्या भिंतीवर चार्जिंगचा डबा बसला. त्यावर एक खटका आणि तीन खुणा. पहिली खूण, फक्त उन्हावर. दुसरी, थोडं ऊन आणि थोडी तारेवरची वीज. तिसरी म्हणजे पूर्ण जोर, मग ऊन असो नसो. लिंडसेने खटका पहिल्या खुणेवर ठेवला आणि वरून निळी चिकटपट्टी आडवी मारून टाकली, कुणाचा चुकून हात लागायला नको म्हणून. कुणाचा म्हणजे ग्लेनिसचाच, घरात तिसरं होतं कोण.

एवढ्यावर थांबेल तर तो लिंडसे कसला. बोल्स क्लबात अशाच गाड्या घेतलेले आणखी तिघे म्हातारे होते. पांढरे कपडे घालून हिरवळीवर गोळे सोडायचे आणि मग बारमध्ये बसून फुशारक्या मारायच्या, हा चौघांचा शनिवार. तिथे पैज लागली. गाडी फक्त स्वतःच्या छपरावरच्या उन्हावर चालवायची. जो वीज विकत घेईल त्याने अख्ख्या क्लबाला बिअर पाजायची आणि बारमागच्या पाटीवरचं आपलं नाव स्वतःच्या हाताने पुसायचं. पहिल्याच थंडीत दोन नावं पुसली गेली. उरले लिंडसे आणि नेव्हिल.

"नेव्हिल गाडी शेडबाहेरच काढत नाही," लिंडसे म्हणायचा. "न चालवता जिंकतोय लेकाचा. मी चालवून दाखवतोय."

येत्या शनिवारी पैजेला दोन वर्षं होत होती. क्लबात दोघांचा सत्कार ठरला होता, आणि लिंडसेने भाषणसुद्धा लिहून काढलं होतं.

तिकडे ॲव्हरिल मरत होती.

ॲव्हरिल म्हणजे ग्लेनिसची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा ग्लेनिसच्या वेण्या घालण्यापासून तिला बापाचा ट्रॅक्टर चालवायला शिकवण्यापर्यंत सगळं ॲव्हरिलने केलं. आता तिच्या पोटातला आजार हाताबाहेर गेला होता. ॲडलेडला, जिथे शेवटचे दिवस उरलेल्या माणसांना सांभाळतात अशा ठिकाणी, ती महिनाभर पडून होती. ग्लेनिस दोनदा जाऊन आली होती, दोन्ही वेळा ऊन बघून.

मागच्या आठवड्यात ॲव्हरिल फोनवर म्हणाली होती, "येताना संत्री आण. आपल्या झाडाची. इथली म्हणजे नुसता कापूस."

"खाशील?"

"खायचं कुठलं आता. तू सोल, मी वास घेते. आणि ये मात्र. तू आल्याशिवाय मी कुठे जात नाही."

ते झाड बापाच्या बागेतल्या कलमाचं होतं, ग्लेनिसच्या परसात. तिकडे जुलै म्हणजे ऐन थंडी आणि संत्र्यांचा भर. झाड लगडलं होतं, पण आभाळ आठवडाभर राखाडी होऊन बसलं होतं. गाडीने दोन दिवस काही पोटात घेतलं नव्हतं.

बुधवारी दुपारी नर्सचा फोन आला. जोसेलिन तिचं नाव, फार मायेने बोलायची. "ग्लेनिस, तुम्ही उद्या सकाळीच या. परवावर ठेवू नका."

ग्लेनिसने फोन ठेवला आणि सरळ शेडमध्ये गेली. लिंडसे गाडीची काच पुसत होता.

"लिंडसे, उद्या सातला निघायचंय. ॲव्हरिलचं काही खरं नाही. तो खटका फिरव आणि गाडी आत्तापासून भरायला लाव."

"उद्या ऊन सांगितलंय."

"मला उद्याचं ऊन नको. आज फिरव."

घरच्या तारेवरून भरलं तरी ते विकत घेतलंच, म्हणजे पैज गेलीच. लिंडसेने काच पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "बरं बाई, फिरवतो."

संध्याकाळी तो शेडमध्ये जाऊन आला, हात झटकत. ग्लेनिसने विचारलं, "केलंस?"

"झालं," तो म्हणाला आणि टीव्हीसमोर बसला.

तिने बॅग भरली. ॲव्हरिलला आवडणारी निळी शाल घेतली, केसांचा ब्रश घेतला. जाऊन बघावं असं तिच्या मनातही आलं नाही. ज्याच्याशेजारी आयुष्य काढलं तो माणूस बहिणीच्या मरणापुढे खोटं बोलेल असं कुणाच्या मनात येतं?

सकाळी दार उघडलं तर परस दिसेना. नदीवरून धुकं चढून घराच्या पायरीपर्यंत आलं होतं. ग्लेनिस टोपली घेऊन चाचपडत झाडाशी गेली. संत्री गार पडली होती, बोटं बधिर होत होती, तरी ती एकेक निवडून देठासकट तोडत राहिली. घरात फोन वाजल्याचं तिला ऐकू आलं. दोनदा वाजला, मग थांबला.

"कोणाचा होता?" आत येऊन तिने विचारलं.

"नेव्हिलचा," लिंडसे म्हणाला. "शनिवारचं विचारत होता."

"इतक्या सकाळी?"

"त्याला झोप कुठे येतेय. भाषण करायचंय ना."

ग्लेनिस बॅग आणि संत्री घेऊन गाडीत जाऊन बसली. पडद्यावर काल जो आकडा होता तोच होता, पाव भागाच्या जरा वर. एवढ्यावर अर्धा रस्तासुद्धा जमला नसता. ती गाडीतून उतरली आणि भिंतीवरच्या डब्यापुढे जाऊन उभी राहिली.

लिंडसे मागून आला. "काहीतरी बिघडलंय वाटतं. मी फिरवला होता काल."

"पट्टी न काढता?"

निळी पट्टी जशीच्या तशी होती. तिच्या कडेपासून भिंतीपर्यंत कोळ्याने जाळं विणलं होतं, आणि त्यावर धुक्याचे थेंब जमले होते. लिंडसेने त्या जाळ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"अगं, सकाळपासून ऊन पडेल असं हवामानवाल्यांनी सांगितलं होतं," तो म्हणाला. "म्हटलं, दोन तास उशीर होईल फार तर. दोन तासांनी काय होतं?"

रागाने तिचा आवाज उलट खाली गेला. "आता फिरवला तरी भरायला दुपार होईल. गावातल्या चार्जरला लाव. तिथे अर्ध्या तासात होतं."

"क्लबासमोरच्या?"

"बेरीत दुसरा आहे?"

"ग्लेन, बारच्या खिडकीतून सरळ दिसतो तो. सकाळी सफाईवाली येते, ती एकदा बघेल आणि गावभर करेल." तो तिच्याजवळ आला. "परवा शनिवार आहे."

"शनिवार कधी आहे ते मला माहीत आहे, लिंडसे."

"फक्त अर्धा तास दे. वर बघ, उजेड दिसतोय. एकदा धुकं फाटलं की बघच तू." आणि त्याने शिडी ओढली, हातात लांब दांड्याचा झाडू घेतला आणि पॅनेलांवरचं दव पुसायला छपरावर चढला.

आता इथे ग्लेनिसचाही राग यावा असंच ती वागली. बाईने त्या क्षणी किल्ली घ्यायला हवी होती. गाडी काढून, क्लबासमोर लावून, हॉर्न वाजवून सगळ्या गावाला दाखवायला हवं होतं. पण ती शेडमध्ये उलट्या बादलीवर बसली, मांडीवर संत्र्यांची टोपली घेऊन. अर्धा तास गेला. वरून झाडूचा आवाज येत होता, खर्र, खर्र. "येतंय, येतंय," लिंडसे वरून सांगत होता. आणखी अर्धा तास गेला. ऊन आलं की ओव्हन पुन्हा चालू होतो हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की ती उन्हाची वाट बघत बसली. बहीण मरत होती आणि ही ऊन पडायची वाट बघत होती.

मग कुंपणापलीकडून कात्रीचा आवाज आला. शेजारचा स्टाव्हरोस द्राक्षांच्या वेली छाटत होता. त्याची जुनी डिझेलची पिकअप बांधावर उभी होती. लिंडसे त्या पिकअपला येताजाता नावं ठेवायचा, नाकाने कांदे सोलायचा: धूर सोडते, तेल पिते, पृथ्वीची वाट लावते. ग्लेनिस उठली, गाडीतली बॅग काढली आणि टोपलीसकट कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेली.

"स्टाव्हरोस, मला ॲडलेडला सोडशील? ॲव्हरिलचे शेवटचे तास आहेत."

स्टाव्हरोसने तिच्या हातातली बॅग पाहिली. मग धुक्यात छपरावर झाडू मारणारा माणूस पाहिला. त्याने एक शब्द विचारला नाही. कात्री खिशात टाकली आणि म्हणाला, "बस."

पिकअप सुरू झाल्याचा आवाज ऐकून लिंडसे छपराच्या कडेला आला. "अगं, कुठे निघालीस? उजाडतंय की."

"उजाडू दे," ग्लेनिस म्हणाली आणि दार लावून घेतलं.

वाटेत स्टाव्हरोसने तिला आपला थर्मास दिला. मग म्हणाला, "माझा धूर बघून लिंडसे मला सोडायचा नाही."

"त्याला मी बघते. तू चालव."

"बहीण ओळखते अजून?"

"मागच्या आठवड्यात फोनवर तर ओळखत होती. मला म्हणाली होती, तू आल्याशिवाय जात नाही." हे बोलताना तिला जरा धीर आला. ॲव्हरिल दिल्या शब्दाला पक्की होती. लहानपणी ग्लेनिसला शाळेतून आणायला ती कधी म्हणजे कधी उशिरा आली नव्हती. तिच्या केसांतून ब्रश फिरवायचा, संत्रं नाकाशी धरायचं, आणि सांगायचं की आई गेल्यावर मला तिची आठवणच यायची नाही, कारण तू होतीस, आणि आठवण येत नाही म्हणून मी रडायचे. हे ग्लेनिसने आजवर कधी सांगितलं नव्हतं. आज सांगणार होती. ब्लँचटाउनच्या पुलावर धुकं फाटलं आणि एकदम लख्ख ऊन पडलं. स्टाव्हरोसने डोळ्यांवर येणारं ऊन अडवायला काचेवरची झडप खाली ओढली. ग्लेनिसने ऊन बघून तोंड फिरवलं.

दारातच जोसेलिन भेटली. तिने ग्लेनिसचे दोन्ही हात धरले तेव्हाच ग्लेनिसला कळलं.

"अर्धा तास झाला असेल," जोसेलिन म्हणाली. "मी तिथेच होते. एकट्या नव्हत्या त्या."

ॲव्हरिल पलंगावर दाराकडे तोंड करून होती. कपाळावरच्या आठ्या तशाच होत्या. मेल्यावर माणसाचा चेहरा शांत होतो म्हणतात, हिचा झाला नव्हता. ग्लेनिसने ते पाहिलं आणि जोसेलिनकडे वळली.

"तिला दुखत होतं?"

जोसेलिनने ॲव्हरिलच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "हो. खूप. सकाळच्या सुईची वेळ झाली होती. सुई दिली की त्यांना गुंगी यायची. म्हणून मी आधी तुमच्या घरी फोन केला. म्हटलं, तुम्हाला उशीर होणार असेल तर फोन यांच्या कानाशी धरते, दोघी बोलून घ्या, मग सुई देते."

"आमच्या घरी?"

"तुमच्या मिस्टरांनी घेतला. म्हणाले, ती केव्हाच निघाली, पोचेलच आता." जोसेलिनने मान खाली घातली. "मी ॲव्हरिलना तसंच सांगितलं. मग त्या सुई घेईनात. म्हणाल्या, गुंगीत माझी ग्लेन येऊन जाईल. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा दाराकडे बोट दाखवलं."

ग्लेनिस खुर्चीत बसली. तिला रडू आलं नाही. झाडाखाली उभी असताना दोनदा वाजून थांबलेला तो फोन तिला ऐकू येत राहिला. टोपली खाली ठेवून चार पावलं आत गेली असती तर ॲव्हरिलचा आवाज कानात पडला असता. तिचा ॲव्हरिलच्या कानात पडला असता. आणि ॲव्हरिल सुई घेऊन शांत झोपली असती.

तिने ॲव्हरिलच्या अंगावर निळी शाल घातली. तिचे केस विंचरले. एक संत्रं सोललं, सालं ॲव्हरिलच्या उशाशी ठेवली, आणि जे सांगायचं होतं ते हळू आवाजात सांगून टाकलं. पण ऐकणारं तिथे कुणी नव्हतं, आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकवेना. ती मधेच थांबली.

बाहेर येऊन तिने बॅगेच्या तळातून एरवी बंदच असणारा मोबाइल काढला, चालू केला आणि घरी लावला. लिंडसेने पहिल्याच घंटीला उचलला.

"ग्लेन, मी सांगत नव्हतो? तू गेलीस आणि तासाभरात झकास ऊन पडलं. अर्धी भरली बघ गाडी. जरा थांबली असतीस तर आपल्याच गाडीतून गेलो असतो, थेंबभर विकत न घेता."

"ॲव्हरिल गेली."

"अरेरे," लिंडसे म्हणाला. "बिचारी. सुटली एकदाची." मग घसा खाकरला. "मग आता तशी घाई नाही ना. उद्या दुपारपर्यंत पूर्ण भरेल. मी येतो तुला न्यायला."

समोर स्टाव्हरोस पिकअपला टेकून टोपी हातात घेऊन वाट बघत होता.

"सकाळचा फोन नेव्हिलचा नव्हता," ती म्हणाली.

"अगं, मला वाटलं, अर्ध्या तासात निघूच. तुला उगाच कशाला..."

"तिने सुई घेतली नाही, लिंडसे. मी रस्त्यात आहे असं तू सांगितलंस, म्हणून ती सगळी सकाळ दुखणं काढत जागी राहिली. मी कुठल्याही क्षणी दारातून येईन म्हणून. आणि मी तुझ्या शेडमध्ये बादलीवर बसले होते."

लिंडसे म्हणाला, "मला काय माहीत होतं?"

"विचारलंस का कुणाला?" ती म्हणाली. "न्यायला येऊ नकोस. मी त्या गाडीत बसणार नाही आणि त्या घरात येणार नाही. शनिवारी भाषण नीट कर. पाटीवर नाव राहिलंय तुझं."

तिने फोन बंद केला आणि पिकअपमध्ये चढून बसली. स्टाव्हरोसने इंजिन सुरू केलं आणि विचारलं, "घरी?"

"ॲव्हरिलच्या घरी," ग्लेनिस म्हणाली. "तिला घालायला कपडे काढायचे आहेत."